तेराशे रुपयांचं माश्यांचं हॉटेल आणि माझा दहा नंबरचा पाना

माश्यांसाठीच्या या लाकडी घराला दोन तारे दिलेत. एक वरच्या पितळी कडीसाठी, ती खरोखर दणकट आहे. दुसरा आमच्या थोरलीसाठी, कारण पैसे तिचे गेले. खुद्द वस्तूसाठी मग काही शिल्लक राहत नाही.

झालं असं. एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो आणि भिलवडीजवळच्या घरी येऊन बसलो. सकाळचा चहा झाला की वांग्याच्या वाफ्याशेजारी खुर्ची टाकायची आणि फुलांवर येणाऱ्या माश्या बघायच्या, हा नवा उद्योग. हिनं पोरीला फोनवर सांगितलं, ‘तुझे पप्पा दिवसभर माश्या बघत बसतात.’ ‘मारत बसतात’ म्हणाली नाही, हे उपकारच. पोरीनं मनावर घेतलं आणि फेब्रुवारीत पुण्याहून खोकं आलं. आत उतरत्या छपराचं लाकडी घर. कंपनीनं त्याला ‘बी हॉटेल’ म्हटलंय. किंमत १,३४९ रुपये, कुरिअर वेगळं. पोळं न करता एकट्या राहणाऱ्या रानातल्या मधमाश्यांनी त्यात येऊन घर करावं, अशी कल्पना.

कल्पनेला माझी हरकत नाही. मधमाशी म्हटलं की लोकांना पोळं, राणी आणि बाटलीतला मध आठवतो. पण जगात माश्यांच्या वीस हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात. एक मादी, एक घर. जागा तीच शोधणार, परागाचा लाडू तीच वळणार, त्यावर एक अंडं घालणार, खोली बंद करणार, पुढची खोली सुरू करणार. मध साठवत नाहीत म्हणून माणसाला त्यांचं सोयरसुतक नाही. आणि राखायला साठा नाही म्हणून त्याही अंगावर येत नाहीत. मी आठ महिने हातभर अंतरावर बसलोय, एकदाही डंख बसला नाही. मुंग्या मात्र चावल्या. त्यांचं पुढं येईल.

वस्तू हातात आली की आधी माप घ्यायचं, मग बोलायचं, ही वर्कशॉपची सवय. व्हर्निअर काढला. बांबूच्या नळ्या चोपन्न. त्यातल्या निम्म्याहून जास्त आठ ते अकरा मि.मी. भोकाच्या. खोली सहा सेंटिमीटर. इथंच मामला संपला. अशा नळीला निदान पंधरा सेंटिमीटर खोली लागते. कारण मादी आतल्या टोकाला माद्यांची अंडी घालते आणि दाराजवळ नरांची. नर आधी बाहेर पडतात, त्यांनी वाट अडवायला नको म्हणून. नळी आखूड असली तर माद्यांना जागा कमी उरते, जास्त करून नरच निपजतात. म्हणजे बाहेरून हॉटेल भरलेलं दिसेल आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक नाही.

नळ्या मागून बंद हव्यात. या मागच्या फळीला टेकतही नाहीत, बोटानं ढकलली की आत जाते. मधल्या ठोकळ्याला ड्रिलनं भोकं पाडलीत, पण कड साफ केलेली नाही, आत कुसळं तशीच. माशीचा पंख कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ असतो, तो त्या कुसळावर फाटणार. दहा पैशांच्या पॉलिश पेपरचं काम होतं. आमच्या फोरमननी असलं काम टेबलावरून परत फेकलं असतं. खालच्या कप्प्यात पाइनची वाळकी फळं भरलीत. त्यात कुठलीच माशी राहत नाही, फोटोत बरं दिसतं म्हणून ती आहेत. छप्पर भिंतीच्या बाहेर जेमतेम एक बोट. आणि सगळं एका कडीवर लोंबतं, वारा आला की झोका. बीळ कुणाला हलतं हवंय?

सोबत गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका आहे. त्यात चित्रं आहेत ती ‘मेसन बी’ची आणि केसाळ, गोल ‘बम्बल बी’ची. पोरीला फोन लावला, म्हटलं, या दोघी आपल्याकडं कुठं दिसतात ते बघ. तिनं शोधून सांगितलं. मेसन बी म्हणजे ऑस्मिया, ती युरोप-अमेरिकेतली. जपानात तिची एक जात सफरचंदाच्या बागांसाठी मुद्दाम पाळतात. तिकडं वसंतात ती अशाच तयार नळ्या शोधत फिरते आणि चिखलानं बंद करते. बम्बल बी थंडीतली, आपल्या देशात ती हिमालयाकडं. कृष्णाकाठी दोघींपैकी एकही फिरकायची शक्यता नाही. म्हणजे इंग्लंडच्या माशीच्या मापानं शिवलेला अंगरखा सांगलीत विकायला आणलाय, आणि तोही आखूड.

आता आठ महिन्यांचा हिशेब. मार्चमध्ये पहिली भाडेकरू पाल. ती पाइनच्या फळांत राहिली, अजून आहे. एप्रिलमध्ये चार नळ्यांत कोळी. मे महिन्यात मी कंपनीला मेल केला की कुणी येत नाही, काय करू. दोन दिवसांत उत्तर आलं, तेवढं कौतुक. उत्तर असं: ‘थोडा वेळ द्या, नळ्यांच्या तोंडाशी मध लावून ठेवा.’ मी शहाण्यानं लावला. तासाभरात मुंग्यांची रांग छपरापासून उंबऱ्यापर्यंत. ती झाडताना हाताला चावे घेतले ते वेगळेच. मधाच्या वासानं येते ती पोळ्यातली माशी. एकटीला राहायला जागा पाहिजे, प्रसाद नव्हे. ज्यानं हे उत्तर लिहिलं त्यानं ही माशी बघितलेली नाही, हे नक्की.

जूनमध्ये मात्र कुंभारीण आली. तीन नळ्यांत अळ्या आणून कोंबल्या आणि मातीनं तोंड लिंपलं. ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण अळ्या उचलते म्हणून आम्हाला हवीच आहे. हे फक्त आमच्याकडंच झालं असंही नाही. कॅनडात टोरांटोला सुमारे सहाशे असली घरं टांगून तीन वर्षं नोंदी ठेवल्या होत्या, २०१५ साली ते छापून आलं. तिथंही गांधीलमाश्यांनी बहुतेक घरांत मुक्काम टाकला आणि त्या स्थानिक माश्यांपेक्षा जास्त भरल्या. जुलैत पश्चिमेचा पाऊस सरळ नळ्यांत गेला. बांबूला आतून काळी बुरशी. हॉटेलचं काम तिथंच आटोपलं.

मग आमच्याकडच्या माश्या राहतात कुठं? हे कळलं ते हॉटेलमुळंच, हेही खरं सांगायला हवं. कोण येत नाही ते बघता बघता कोण कुठं जातं ते दिसायला लागलं.

आमच्या जुन्या घराची पांढऱ्या मातीची भिंत आहे. २०१९ च्या पुरात निम्मी बसली, निम्मी उभी राहिली. पाडायची पाडायची म्हणून राहूनच गेली. त्या उरलेल्या भिंतीच्या पूर्व अंगाला पेन्सिल जाईल एवढी भोकं. सकाळी नऊच्या सुमाराला तिथं निळ्या पट्ट्यांच्या माश्यांची ये-जा सुरू होते. पोट काळं आणि त्यावर मोरपिशी निळ्या चकाकणाऱ्या रेघा. पुस्तकात हिला ॲमेगिला म्हणतात. इतकी चपळ की फोटोत नुसती रेघ येते. हिचं काम बघायचं तर वांग्याच्या फुलाशी बसा. वांग्याच्या फुलातला पराग उघडा नसतो, पिवळ्या नळकांड्यांत बंद असतो आणि वर टोकाला बारीक भोक, मिठाच्या डबीसारखं. ही माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता आतले स्नायू थरथरवते आणि पराग झाडून घेते. आवाज एकदम बदलतो. गाडी न्यूट्रलला टाकून रेस करावी तसा. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. कृष्णाकाठच्या वांग्याचं नाव सगळीकडं आहे, पण या माशीचं नाव कुणी घेत नाही, आणि भुंग्याचंही नाही. तोही हेच करतो, जरा घोगऱ्या आवाजात.

संध्याकाळी सहाला याच जातीचे नर वाळक्या गवताच्या काडीवर येतात. काडी जबड्यात पकडायची, पाय सोडून द्यायचे आणि झोपायचं. एका काडीवर नऊ मोजले. मुक्कामी गाडीच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांसारखे. नरांना बिळात जागा नसते, त्यांचं आयुष्य असंच उघड्यावर जातं. हिला दाखवलं तर म्हणाली, ‘बरं आहे, घरात पसारा नाही.’

भुंगा शेजारच्या तात्यांच्या बेदाणा शेडच्या बांबूत राहतो. तात्या त्याच्यावर चिडून असतात, पण त्यांच्या बांधावरच्या शेवग्याला शेंगा कुणामुळं लागतात ते त्यांना मी दोनदा सांगितलंय. सगळ्यांत बारकी माशी, काळसर-हिरवी, मुंगीएवढी, ती घाणेरीच्या आणि शंकासुराच्या छाटलेल्या वाळक्या काडीत. काडीचा मधला भेंडाचा गाभा कोरून आत जाते. हॉटेलातल्या अकरा मि.मी.च्या भोकात ती राहणं म्हणजे माणसानं बस डेपोच्या शेडमध्ये अंथरूण टाकणं.

आणि मुख्य म्हणजे जमीन. जगातल्या माश्यांपैकी बहुतांश जमिनीतच बीळ करतात, भिंतीवर टांगलेल्या कुठल्याही खोक्यात त्या येणारच नाहीत. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचे ठरले होते, वाळूसुद्धा पडली होती. तुळशीपासून गोठ्यापर्यंतचा पट्टा मी राखून ठेवला. तिथं सप्टेंबरात भुरभुरीत मातीचे छोटे ढीग दिसले, प्रत्येकाच्या मधे भोक. काडेपेटीच्या काड्या खोचून मोजले, एकवीस. पेव्हर ब्लॉकवरून घरात आठवडाभर अबोला होता, तो आता मिटला आहे.

बदल्यांमुळं मी सांगली-साताऱ्यातली बरीच आगारं पाहिली. महाबळेश्वरला पावसाळ्यात काम करताना कपडे वाळत नसत. वर्षाला साडेपाच-सहा हजार मि.मी. पाऊस. तिकडं म्हसवड, आटपाडी, जतेकडं पाचशेच्या आसपास, कधी तोही नाही. माझी सासुरवाडी जतेकडची. मला वाटायचं, माश्या असणार त्या महाबळेश्वरच्या जंगलात, जतेच्या कुसळी माळावर काय असणार? तर पोरीनं एक दिवस फोनवर वाचून दाखवलं. मायकल ऑर, जॉन ॲशर, ॲलिस ह्यूज या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२० मध्ये साऱ्या जगातल्या माश्यांचा नकाशा केला. वीस हजारांवर जातींची यादी आणि लाखो नोंदी एकत्र करून. पक्षी, झाडं, बेडूक हे सगळे विषुववृत्ताकडं जाल तसे वाढत जातात. माश्या उलट्या. विषुववृत्तावर कमी, त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जास्त, त्यातही उत्तरेकडं जास्त. आणि दाट जंगलापेक्षा कोरड्या, उन्हाच्या, उघड्या मुलखात जास्त. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, भूमध्य समुद्राचा काठ, असा.

कारण ऐकलं तर मेकॅनिकलाही पटेल. जंगलात झाडं भरपूर, पण जमिनीलगतची फुलं कमी. कोरड्या माळावर पाऊस पडला की सगळं एकदम फुलतं, आज इथं, उद्या चार कोसांवर, मग प्रत्येक फुलोऱ्यामागं वेगळी माशी. आणि जमिनीतल्या बिळात साठवलेला पराग ओलीनं बुरसतो, कोरड्या मातीत टिकतो. ओल्या उष्ण मुलखात म्हणूनच पोळं करून राहणाऱ्यांचं जास्त चालतं. हे ऐकल्यावर दिवाळीला सासुरवाडीला गेलो तेव्हा माळावर उकिडवा बसून बघितलं. पायवाटेच्या कडेला भोकंच भोकं. मेव्हणे म्हणाले, ‘दाजी, किल्ली पडली का?’ आता जतला एका माळावर मोजलं म्हणून महाबळेश्वरपेक्षा जास्त जाती तिथंच, असं मी म्हणणार नाही. पण ओसाड, पडीक म्हणतो ते रान माश्यांच्या हिशेबात ओसाड नसतं, एवढं दिसलं.

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मी तिथला मध आणलाय, उत्तम आहे, पाच तारे. पण ती कथा सातेरीची, पेटीतल्या माशीची. कासच्या पठारावर सप्टेंबरात गेलो तर गर्दी तेरड्याचे फोटो काढत होती आणि त्याच तेरड्यावर आमच्या भिंतीतली निळी पट्टेवाली फिरत होती. तिच्याकडं बघणारे आम्ही दोघंच, त्यातली एक नाइलाजानं. भारतात माश्यांच्या सातशेच्या वर जाती नोंदल्यात. बिंगहॅम नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं इथल्या माश्यांवर १८९७ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला होता. सव्वाशे वर्षांनंतर कंपनीला पुस्तिकेत आपल्याकडच्या चार माश्यांची चित्रं टाकता आली नाहीत, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. पातळ लाकूड एकवेळ माफ.

घ्यायचंच असेल तर घेऊ नका, करा. तात्यांच्या शेडमधला वाया गेलेला बांबू पेराच्या मागून कापला, म्हणजे एक तोंड आपोआप बंद. सोळा सेंटिमीटरचे तुकडे, भोक चारपासून दहा मि.मी.पर्यंत सगळ्या मापाचं, तोंडं पॉलिश पेपरनं घासली. सोबत शंकासुराच्या काड्यांची जुडी. जुन्या प्लास्टिकच्या पाइपात घट्ट कोंबून पूर्वेला, छातीएवढ्या उंचीवर, पत्र्याच्या आडोशाला तारेनं पक्कं बांधलं. खर्च शून्य, पाइपसुद्धा पडलेलाच होता. ऑगस्टअखेरीपासून त्यातल्या अकरा नळ्या बंद झाल्यात. द्राक्षाच्या बागेत फवारणी असली की तात्या आदल्या रात्री फोन करतात आणि फवारणी संध्याकाळी घेतात. एवढं त्यांच्याकडून मिळवलं, बांबूबद्दल अजून ऐकत नाहीत.

तरीही सगळ्यांत देखणी माशी हॉटेलात गेली नाही आणि माझ्या पाइपातही नाही. सप्टेंबरात गुलाबाच्या पानांना गोल गोल खाचा दिसायला लागल्या. ही म्हणाली अळी. मी म्हटलं अळी इतकं गोल कापत नाही, हे गॅस्केट कापल्यासारखं आहे. खुर्ची तिथं हलवली. दुसऱ्या दिवशी अकराला ती आली. पानाच्या कडेला पाय रोवले, कंपाससारखी स्वतःभोवती फिरली, पाच-सात सेकंदांत तुकडा सुटला, तो पोटाखाली दुमडून धरला आणि ओसरीकडं उडाली. ही पानकापी, मेगाकायली. पराग पायावर आणत नाही, पोटाच्या खालच्या केसांवर आणते, म्हणून परतताना पोट पिवळंधमक. लांबट तुकडे भिंतींना, गोल तुकडे झाकणाला. तुरीला फुलं आली की हिची धावपळ बघण्यासारखी.

ती जायची कुठं ते शोधायला दोन दिवस लागले. ओसरीत खुंटीला माझे जुने पाने आडवे लटकवलेत. त्यात दहा नंबरचा बॉक्स पाना, नळीसारखा, आरपार पोकळ. एक टोक भिंतीला टेकलेलं. म्हणजे मागून बंद, आतून घासून गुळगुळीत, पावसापासून आडोसा, सकाळचं ऊन. कंपनीला जे जमलं नाही ते सगळं. आत बॅटरी मारली तर हिरव्या पानांची गुंडाळी, विडीच्या बंडलासारखी. एकदा तिथं टोकदार शेपटीची दुसरी माशी घुटमळताना दिसली. ती आयत्या घरात अंडं घालणारी, कोकिळेच्या जातीची. मी रुमालानं हुसकली. हे बरोबर की चूक ते ठाऊक नाही, पण पाना माझा आहे.

आता ते तोंड पानांच्या गोल चकत्यांनी बंद आहे. परवा मोटारसायकलचा दहाचा बोल्ट सैल झाला, म्हणून तात्यांकडं पाना मागायला गेलो. तात्या म्हणाले, ‘एवढे तीस वर्षं मेकॅनिक तुम्ही, तुमचा कुठं गेला?’

म्हटलं, भाड्यानं दिलाय.